वाव

दप्तरखान्यात माझं काम साधं :
कागद मरू द्यायचे नाहीत.
गव्हाची खळ, कांद्याच्या सालीसारखा जपानी कागद, मऊ ब्रश,
दुपारी डबा, खिडकीखाली फोर्टातले हॉर्न.

परवा एक गठ्ठा आला. सन अठराशे एकोणनव्वद.
विषय : इसम बेपत्ता.

भरतीमापक खात्यातला पेलहॅम साहेब, वय एकतीस.
बंदरावर त्याची लाकडी खोली, खोलीत विहीर,
विहिरीत तांब्याचा तरंगता डबा,
डब्याला तार, तारेला पेन्सिल,
आणि समुद्र रात्रंदिवस सही करायचा
फिरत्या पिंपावरच्या कागदावर.

भांगाच्या एका रात्री रेघ सरळ झाली.
बाहेर धक्क्यावर पाणी आपटत होतं,
रेघ मात्र पट्टीने मारावी तशी,
अडीच तास.

साहेब कंदील घेऊन विहिरीत उतरला.
वर दोर धरून पोशा नाखवा,
वही धरून कारकून द्वारकानाथ कोठारे.
विहीर चार वाव. तसं नकाशात आहे, लाल शाईत.
दोर सुटला दहा वाव. चाळीस. नव्वद.
पोशा म्हणाला, "जड नाय होत. हलका होत चाललाय."
दीडशेच्या पुढे कंदील लहान होईना,
तसाच राहिला, वाटाण्याएवढा,
फक्त त्याच्या शेजारी
आणखी उजेड होते.

मग खालून आकडे येऊ लागले.
फूट, इंच. साहेब रोज सांगायचा त्याच आवाजात.
कोठाऱ्याने ते उतरवून घेतले.
काय करणार, पगार त्याचाच होता.
तीन रात्री.

दोर तर पहिल्याच पहाटे वर आला होता, कोरडा,
टोकाला एक गाठ.
पोशाला कोळीवाड्यातल्या सगळ्या गाठी येत.
ही येत नव्हती.
ती सोडवायला तो पायरीवर बसला
आणि पुढे कधी कुणाशी बोलला नाही.

चौकशीचा निकाल दीड पानाचा :
साहेब मजकूर यांस कर्ज होते. मद्यपान संभवते.
बुडून मृत्यू. शंकेस वाव नाही.

वहीच्या समासात मात्र बारीक मोडी,
वाचायला मला दोन दिवस लागले :
"आज साहेब आकडे थांबवून म्हणाले,
कोठारे, आपण उलटे मोजत आलो.
पाणी हलत नाही. पाणी कधीच हलले नाही."

मी ब्रश धुतला. पुन्हा धुतला.
सात बेटं, असं शाळेत घोकलेलं.
मधल्या खाड्यांत दगडमाती टाकून
आपण कुणाच्या पेरांमधल्या खाचा बुजवल्या,
वर बँका बांधल्या, प्रसूतिगृहं, क्रिकेटची मैदानं?
दिवसातून दोनदा उचलले जातो, दोनदा ठेवले जातो,
आणि चंद्राला उगाच जबाबदार धरतो.

साहेबाचे आकडे त्या साली जुळत नाहीत.
यंदाच्या बंदर-कोष्टकाशी मी ते लावून पाहिले.
जानेवारीपासून जुळतात, इंचाइंचाने,
परवापर्यंत, कालपर्यंत.
पुढे अजून थोडे आकडे आहेत.
त्यानंतर कोठाऱ्याने आकडा लिहिलेला नाही,
फक्त एक रेघ मारली आहे, पट्टीने.
तिच्यावर तारीख होती.
तिथे मी खळ जरा जाड लावली.

गठ्ठ्यासोबत दोरही आहे, पुठ्ठ्याच्या खोक्यात.
मी तो हात पसरून मोजायला घेतला होता.
साडेपाचला शिपाई कुलूप लावायला आला
तेव्हा अर्धाही झाला नव्हता.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : सुस्थितीत.

घरी जायच्या आधी बंदरावर थांबले.
पाणी काचेसारखं, एका जागी.
चप्पल काढून कठड्यापाशी उभी राहिले तर
तळव्यांना कळत होतं, आपण उतरतोय,
हळूहळू, झोपलेल्या छातीवर
ठेवलेली वही उतरते तसे.

शेजारचा चणेवाला टोपली उचलत म्हणाला,
चला, भरती आली.