लेखनिक

काचेच्या खोलीत आम्ही दोघी.
फ्राउ थोरमान बघतात, मी लिहिते.
परीक्षकानं कागदाकडे पाहायचं नसतं,
लेखनिकानं घोड्याकडे.
"सात. साडेसात. आठ, ताल उत्तम."
मागोमाग माझी पेन्सिल, दुडक्या चालीनं.

तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच.
ल्युनेबुर्गच्या माळावर ऑगस्ट, जांभळा झालेला,
आणि रिंगणात काळा फोर्टिसिमो,
पाठीवर यानिक, बावीस वर्षांचा,
पांढऱ्या हातमोज्यांवर डाग नाही.

पाय असा उचलतो की टाळ्या पडाव्यात.
पडतात.
मान मुडपलेली, हनुवटी छातीला टेकत आलेली,
वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखी.
ओठांवर साबणासारखा फेस.
मध्येच जिभेची कड दिसली,
निळसर,
लगेच आत.
नाकावरच्या पट्ट्यात दोन बोटं जावीत असा नियम आहे.
फाटकावर एक मुलगी तपासते.
तिची बोटं फार बारीक आहेत.
घोडं पेंड खातं ते तिथं.

ओनोनं मला पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
हाइडे नावाची घोडी, पोट सुटलेली,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
वर्षभर त्यानं रिकीब दिली नाही.
"आधी बसायला शीक. सांगायचं काय ते मग."
आणि कधीतरी, गोल फेऱ्या चालू असताना,
खिशातला तंबाखू चाचपत म्हणायचा, "आता दे."
म्हणजे हात पुढे.
लगामाची झोळी व्हावी इतका सैल.
घोडी तशीच चालत राहिली,
मान उंच, पाठ भरलेली,
तर ती चाल तिची.
ढेपाळली, किंवा पळाली,
तर इतका वेळ तूच तिला उचलून धरलं होतंस, पोरी,
आणि मिरवत होतीस.

ओनो संत नव्हता.
लोकांना दोन वर्षांत हवं ते त्याला आठ वर्षांत जमायचं.
गिऱ्हाईक थांबलं नाही, बँक तर नाहीच.
पागा विकली त्या रात्री, दोन ग्लासांनंतर, म्हणाला,
तरुणपणी एकाला चाबकानं गुडघ्यांवर आणलं होतं त्यानं.
नाव सांगितलं नाही.
घोड्याचं.

यानिक वाईट मुलगा नाही.
सकाळी पाहिलं मी, फोर्टिसिमोच्या कानामागे खाजवत होता,
स्वतःचं अर्धं सफरचंद त्याला देत.
त्याला कुणी "आता दे" म्हटलंच नाही, इतकंच.
मालकाला घोडामैदान जवळचं हवं होतं.

"नऊ," फ्राउ थोरमान म्हणाल्या,
आवाज नेहमीपेक्षा खाली.
मी नियम मोडून मान वर केली.
शेवटचा नमस्कार झाला होता.
यानिकनं लगाम सोडले, दोन्ही हात गर्दीकडे हलवले.
झोळी पडली, चांगली खोल.
आता कुणीच काही धरलेलं नव्हतं.
घोडा बाहेर निघाला,
मान तशीच, छातीत खुपसलेली,
थेट फाटकापर्यंत,
फाटकाच्या पलीकडेही.

शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते.
"काय लिहू?" मी विचारलं.
त्या चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.
मग घंटीकडे हात गेला,
पुढच्या घोड्यासाठी.