हवेचे पैसे

चटईवर तीन कागद, तिन्हींवर दगड,
कारण हरमटानचा वारा सकाळपासून
बोल्गातांगात प्रत्येकाच्या हिशेबात हात घालतोय.

पहिला विमानाचा. चार दिवसांत रॉटरडॅम.
दुसरा जहाजाचा, चारजणांच्या मालात आपलाही माल,
पस्तीस दिवस, आणि पुढे बारीक अक्षरात "अंदाजे".
तिसरा अख्ख्या कंटेनरचा. तो मी नुसता बघते,
लग्नात दुसरीच्या गळ्यातलं सोनं बघावं तसा.

टोपली भरते सातशे ग्रॅम.
मीच तोलली, कांदेवाल्या अझुमाच्या तराजूत, दोनदा.
विमानवाला म्हणतो आठ किलो.
चाळीस गुणिले चाळीस गुणिले तीस, भागिले सहा हजार.
वहीत करून पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता.

टेमा बंदरातून क्वाबेनाचा फोन:
आत काय आहे, मॅडम?
टोपल्या.
हो, पण टोपल्यांच्या आत?
काही नाही.
त्याचेच पैसे पडतात, तो म्हणाला,
आणि वाईट वाटल्यासारखा हसला.

एका टोपलीत सात किलो तीनशे ग्रॅम काही नाही.
गुणिले दोनशे चाळीस.
पावणेदोन टन काही नाही
मला आभाळातून न्यायचं आहे.

मग जहाज. घनमीटरला पंच्याण्णव डॉलर,
ऐकायला गोड. खाली मात्र शेपूट:
धुरी, कागदपत्रं, हाताळणी, गोदाम,
इंधनाचा अधिभार, आणि "इतर".
या "इतर"ला मी दोनदा फोन केला, तो उचलत नाही.
आणि टेमापर्यंतचा ट्रक? तो कुणाच्याच कागदात नाही.
समुद्रापेक्षा टमालेचे खड्डे महाग आहेत.
हे गवत कुमासीच्या बाजूनं याच रस्त्यानं वर आलं,
तेव्हाही भाडं मीच दिलं होतं.

दुपारी मी एक टोपली ओली केली,
जमिनीवर ठेवली, चपला काढल्या
आणि उभी राहिले तिच्यावर.
ती सहज बसली, म्हातारं कुत्रं बसतं तशी.
साडेअकरा घनमीटरचे तीन होतात.
मी भागाकार करत होते, मोठ्यानं, आनंदात,
म्हणून उशिरा दिसलं
की अताम्पोका विणायची थांबली आहे.

तीन दिवस लागतात तिला एका टोपलीला.
बुडाला गोलाई यावी म्हणून ती
गुडघा साच्यासारखा वापरते; त्या गुडघ्याला आता
पावसाळ्यात सूज येते.
ती काही बोलली नाही. चपट्या टोपलीकडे पाहून
तिनं फक्त स्वतःचा गुडघा झाकून घेतला.

मी तिला आकडे दाखवले. वाचता येत नाहीत म्हणाली,
खरं तर येतात, बाजारात तिला एक सेडी कमी देऊन बघा.
म्हटलं, वाचलेल्यातून टोपलीमागे तीन वाढवीन.
पाच, ती म्हणाली.
चारवर आलो.
(क्वाबेनाशी मी इतकी घासाघीस करू शकले असते
तर आज कंटेनरचा कागद वाचला असता.)

रात्री दिवा गेला. फोनच्या उजेडात
रॉटरडॅमच्या दुकानासाठी चिठ्ठी लिहायला बसले:
टोपली सपाट येईल. खराब नाही. भिजवा.
पुढे काय लिहावं सुचेना, तेव्हा अंधारातून तिनंच सांगितलं,
आणि मी शब्द न बदलता उतरवून घेतलं:

गार पाणी चालेल. आतून मूठ दाबा, हळू.
गवताला आठवतं.
नाहीच आठवलं,
तर गुडघा लावा.