चाळीस मिनिटं

तिसरं बेट फक्त ओहोटीला असतं,
म्हणाला क्रिसान्तो,
आणि उलांडीवर तोल सावरत नांगर सोडला.
चाळीस मिनिटं.

वाळू इतकी पांढरी की डोळे मिटेचनात नीट, उघडेचनात.
आम्ही सहाजण त्या पुळणीवर
सांडल्यासारखे पसरलो.
माझी एक चप्पल तिथंच राहिली.

त्यानं होडीतच मासे भाजले,
केळीच्या पानावर भात उलथला,
चमचे शोधायला वाकला
तोवर आमची बोटं भातात.
तेव्हा हसला, दिवसात पहिल्यांदा.

चौथ्या बेटावर मात्र तो उतरला नाही.
धक्क्यावर पाटी, साखळी,
गणवेशातला पोरगा
चिमट्यानं गार टॉवेल देत होता.
"पाय तरी मोकळे कर," मी म्हणाले.
होडीतलं पाणी उपसता उपसता तो म्हणाला,
"कडेनं तिसरा माड.
आईनं माझी वार तिथं पुरलीय.
आता तिकीट दोनशे पेसो."

मी भरते म्हणाले.
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

तिसऱ्या माडाला झोपाळा होता,
झोपाळ्यात कुणीतरी पालथं, पाठ लालभडक.
मी थोडा वेळ उभी राहिले
आणि सरबत प्यायला गेले.

परतल्यावर एवढंच विचारलं त्यानं:
"नारळ धरलेत?"
"खूप," मी म्हणाले. वर बघितलंच नव्हतं.

इंजिनाची दोरी ओढत तो म्हणाला,
"कोवळे असतानाच काढतात ते सगळे.
पाहुण्यांच्या डोक्यात पडतील म्हणून."

येताना तिसरं बेट नव्हतं.
नुसतं हिरवं पाणी, गुडघाभर असेल,
आणि त्याखाली कुठंतरी माझी चप्पल.