वळण

आमची शाळा कुजबुजत भरते.
विश्राम रात्रपाळी करून साडेसातला येतो,
चहाबरोबर दोन बटर खातो आणि झोपतो
त्याच खोलीत, जिथे बाराखडीचा तक्ता आहे
आणि दोरीवर वाळत घातलेले कागदी मासे.
म्हणून पाढे आम्ही नुसत्या ओठांनी म्हणतो.
कात्री टॉवेलावर ठेवतो, वाजू नये म्हणून.
सात साते एकोणपन्नास म्हणताना
शाल्मलीचा गळा हलतो फक्त, पाणी प्यायल्यासारखा.
इंद्रजित चार वर्षांचा.
त्याला कुजबुजताही मोठ्यानेच येतं.

पहिलीच्या डायरीत बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं,
'अक्षराला वळण नाही.'
आणि खाली, जरा घाईत, 'मुलीलाही.'
मी ती डायरी फाडली नाही.
तळमजल्यावरच्या खातूकाकांनी तिच्या पुठ्ठ्याचं
बाहुलीला कपाट करून दिलं, बिजागरीसकट.

काकांची बत्तीस वर्षं छापखान्यात गेली, बाइंडिंगला.
खळ त्यांनीच शिकवली:
मैदा आधी गार पाण्यात कालव, मग मंद आचेवर ठेव,
आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, झुरळांसाठी.
"हे निळं म्हणजे विष. ते माझ्याच हातानं पडणार."
तेव्हापासून इंद्रजित कुठल्याही निळ्या गोष्टीला
विचारून हात लावतो.
बालदीला. बाबाच्या युनिफॉर्मला.

अकरा वाजता कन्नमवार नगर रिकामं होतं.
जिन्यात एक चप्पल वाजत नाही.
सगळ्यांची मुलं कुठेतरी बाकांवर बसलेली असतात
आणि खाडीकडून वारा येऊन मासे गरगर फिरवतो.
त्या वेळेला मला भीती वाटते.
मी हिशोब मांडते, आज काय शिकवलं:
एक पतंग, जो उडणार नाही.
वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची अर्धी टोपली.
एकाच्या केसांत खळ.
मंगळवारी तर तेवढंही नाही. मी ओरडले,
विश्राम दचकून उठला,
सगळेच थोडं थोडं रडलो आणि वरणभात खाल्ला.

नणंद फोनवर विचारते, "दाखला कोण देणार गं पुढे?"
"बघू," मी म्हणते.
हा शब्द मी हल्ली मिठासारखा वापरते.

ळ तिला येत नव्हता.
उलटा काढायची. कधी चष्मा व्हायचा त्याचा,
कधी झोपलेला इंग्रजी आठ.
मी वही पुढे सरकवली की बोटं आक्रसायची,
गोगलगाईची शिंगं जशी.
मग मी वही सरकवणं सोडलं. हरले म्हणा.

परवा दुपारी ती खातूकाकूंकडे आपणहून जाऊन बसली,
वाती वळायला.
मांडीवर कापूस, बोटाला राख,
काकूंची जपमाळ अर्ध्यावर थांबलेली.
तासाभरानं वर आली ती हातभर लांब वात घेऊन.
ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर आडवी केली,
इकडून एक वेढा, तिकडून एक,
मधे जरासं चिमटलं.
"आई!" पहिल्यांदाच घरात एवढ्या मोठ्यानं,
"ळ लिहायचा नसतोच! वळायचा असतो!"
विश्रामनं कूस बदलली.
तिनं चटकन तोंडावर हात दाबला,
राखेच्या मिश्या उमटल्या.
इंद्रजितला त्या लगेच हव्या झाल्या.

संध्याकाळी तिनं बाबाच्या डब्याच्या झाकणावर
मोरचूद न घातलेल्या खळीनं, स्वतः शिजवून घेतलेल्या,
कापसाची अक्षरं चिकटवली: केळं.
के तिरका, ळ हा एवढा मोठा,
अनुस्वाराला मोहरी.
डब्यात केळं नव्हतं. भेंडी होती.
विश्राम म्हणाला, चालेल.

सकाळी डबा परत आला.
रोज तो कंपनीत घासून आणतो, आतून बाहेरून.
आज आतून लखलखीत,
आणि झाकणाला पाणी लागलेलं नाही.
मोहरी तेवढी वाटेत कुठे पडली,
तिच्या जागी बॉलपेनचा एक ठिपका.
निळा.
इंद्रजितनं मला विचारून त्याला हात लावला.