पाऊण तास

चौदा फेरे डावीकडं.
एवढंच माझं राजकारण.
खड्ड्यावरचं झाकण उचलायचं, झुरळं बाजूला होऊ द्यायची,
चावी बसवायची आणि अंगाचा भार टाकायचा.
आठव्या फेऱ्याला पाइप खोकतो,
अकराव्याला गल्ली ओरडते:
पाणी आलं, नीरु बंतु, पानी आया, नीळ्ळु, नीळ्ळु.
पाऊण तासानं चौदा फेरे उजवीकडं,
की तीच गल्ली माझ्या आईचा उद्धार करते.

अठरा वर्षं कंत्राटावर. नाव रेवणसिद्ध,
वॉर्डात चावीवाला.
नऊ साहेब बदलले, खुर्चीचा रंग दोनदा बदलला,
चावी तीच. दांड्याला माझ्या तळव्याचा आकार आलाय.

या महिन्यात सगळे मलाच विचारतात,
जणू मला जमिनीखालचं दिसतं:
का ओ रेवण्णा, हेच परत, का दुसरे?

काय सांगू.
मागचे होते तेव्हा सहाव्या दिवशी यायचं,
यांनी चौथ्यावर आणलं. खरंय, माझ्या वहीत आहे.
दोन उन्हाळ्यांनी पुन्हा पाचव्यावर गेलं.
तेही वहीत आहे, ती पानं कुणी मागत नाही.
मोठी लाइन येणार म्हणून रस्ता खणला,
पाइप आले, कडेला पडून राहिले,
त्यात कुत्रीनं पिल्लं घातली,
ती पिल्लंही आता म्हातारी झाली.
दवाखाना मात्र यांनीच उघडला.
बायकोची साखर तिथंच कळली, फुकट.
आता हे कुठल्या खान्यात मांडू?

टॉवेल कारखान्यातला अंबादास यमूल म्हणतो,
मध्येच धोटा बदलला की कापडावर पट्टा उठतो,
चालू द्या आणखी पाच वर्षं.
त्याची बायको आतूनच म्हणते,
आणि सूतच कुजकं असलं तर?
खैरुन आपा म्हणते, नवा आता सो भूका आता,
ये लोगां खा को बैठे, कम खाते.
ती हसते. मी हसत नाही.
हा हिशोब मी आधीच करून बसलोय.

आदल्या रात्री फोन आला.
नाव सांगितलं नाही, आवाज ओळखीचा.
पहाटे सोड. दोन तास सोड.
म्हटलं, टाकीत आहे का तेवढं?
आहे. तू सोड.

चौदा फेरे. मी झाकणावर बसून राहिलो.
घागरी भरल्या, बॅरल भरले, कढया, पातेली,
देवाचा तांब्या, पोरांच्या शाळेच्या बाटल्या.
पाऊण तासात भांडी संपली.
पाणी चालूच.
कुणी ओटा धुतला, कुणी रिक्षा,
मग ते नुसतंच गटारात जात राहिलं, स्वच्छ,
चव्वेचाळीस डिग्रीच्या महिन्यात,
आणि गल्ली दारात उभी राहून बघत होती,
परक्याचं लग्न बघावं तसं.
आमची भांडीच पाऊण तासाच्या मापाची.

नरसम्मा चिलवेरी,
हजारात सदतीस विड्या छाट काढल्या
तर त्या सदतिसांसाठी शाखेत भांडणारी,
उंबऱ्यावर पानं कापायची थांबली.
म्हणाली:
म्हणजे पाणी होतं.

अंबादास हळूच म्हणाला, दिलं तर खरं ना, मावशी.
तिची कात्री परत चालू झाली.

अकरा वाजता शाळेत गेलो.
बोटावरच्या गंजात शाई दिसेना,
बाईंनी दोनदा लावली.
पुठ्ठ्याच्या आडोशामागं हात सवयीनं डावीकडं वळला.
इथं फिरवायचं काहीच नाही,
नुसतं दाबायचं, एकदा.
किती वेळ उभा होतो कोण जाणे,
बाहेरून कुणीतरी म्हणालं, रेवण्णा, झोपला का ओ?

दाबलं. काय ते बायकोलाही सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी पुन्हा झाकण उचललं.
गल्लीत दोन घरांपुढं नवी पिंपं होती,
मोठी, निळी, लेबलसुद्धा न काढलेली.
एक नरसम्माचं.
ती पिंपाशेजारी उभी, माझ्याकडं बघत.
मी घड्याळ बघितलं
आणि पहिला फेरा घेतला.