टी-तेवीस

तांबट आळीत मशीन लावायचं
तर आधी आळी बंद करावी लागते.
नियमावलीत तसं आहे: चाचणीच्या जागी
चाळीस डेसिबलच्या आत आवाज हवा.
म्हसरूळहून येताना रिक्षात, मशीन मांडीवर घेऊन,
हे वाक्य मी तीनदा वाचलं
आणि मला हसू आलं.

वैजयंतावहिनी घरोघर सांगून आल्या,
वीसच मिनिटं, हातोड्या खाली ठेवा.
आळी थांबली.
थांबली म्हणजे कशी, तर पत्र्यावरची कबुतरं
दचकून उडाली.
मुरलीधर पिंपळे, वय एकाहत्तर,
मठारकामात अठ्ठावन्न वर्षं,
बंडीची बटणं लावत बाहेर आले, म्हणाले,
कोण गेलं?

ओरडून सांगावं लागलं,
कुणी गेलं नाही, तुमचे कान तपासायचेत.

या घरात सगळेच ओरडतात.
वहिनी मूळच्या निफाडच्या. माहेरी गेल्या
की आई म्हणते, भांडतेस का गं?
नव्या सुनेला इथं पहिल्यांदा हेच शिकवतात:
लाजायचं, पण मोठ्यानं.
प्रश्न सतरा. कुटुंबातील संवादावर परिणाम?
होय. नाही. सांगता येत नाही.
तीन चौकोन, आणि माझं पेन हवेत.

आवाज आला की बोट वर करा.
हजार हर्ट्झ. वर.
दोन हजार. उशिरानं, पण वर.
चार हजार.
साठ, सत्तर, ऐंशीपर्यंत नेलं,
बोट मांडीवरच,
नखातल्या काळ्या रेघेसकट स्वस्थ.
मी बटण सोडलं, वहीत फुली मारली
आणि तेव्हा बोट वर झालं.
काहीही वाजत नव्हतं.
पुन्हा वर. पुन्हा. एका लयीत.
खोटा प्रतिसाद, नियमावली म्हणते, मोजू नये.
काय ऐकू येतंय, बाबा?
ठोके, म्हणाले.
वडलांचे असतील,
माझे इतके सारखे पडत नाहीत.

संमतिपत्रावर सही घेताना सांगितलं,
नाव कुठंही छापणार नाही,
आमच्याकडे तुम्ही टी-तेवीस.
ओठ वाचले असावेत त्यांनी.
आम्ही नावं घालतो, पोरी.
लग्नघरी शंभर तांबे एका मोरीत पडतात,
नाव असलं की ज्याचा त्याच्या घरी जातो.
तू पुसतेस. मग परत कसं यायचं?
मी म्हटलं, गोपनीयता.
ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

बेंडाळे मॅडमनी कच्च्या मसुद्यात
'वडलांचे ठोके' खोडलं, बाजूला लिहिलं:
कर्णनाद. टक्केवारी द्या.
बरोबरच आहे. दिली.

निकाल सांगायला गेले तेव्हा आळी सुरू होती.
एक तांब्या घेतला. घासाघीस केली,
ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही, पैसे पूर्ण पडले.
नाव काय घालू?
सुषमा, मी ओरडले.
त्यांनी मान हलवली,
खिळा धरून ठिपक्याला ठिपका जोडला.

खोलीवर येऊन पाहिलं,
उमा.
चार हजारांच्या आसपास राहणारे
स आणि ष
वाटेतच राहिले होते.

वसतिगृहाच्या मोरीत सकाळी कुणीतरी विचारतं,
अरे, हा उमाचा तांब्या कुणाचा?
मी बोट वर करते.