निव्वळ

जिनिंगचा काटा मे महिन्यात रिकामाच असतो.
कापूस कधीचा संपलेला, पत्र्यावर होले घुमतात.
म्हणून अंकुश गेडामची गाडी मी फुकट मोजली.
तो, मी, अर्धी टाकी डिझेल, मागे स्टेपनी:
बाराशे चाळीस किलो.
काटा पाचाच्या खाली बोलत नाही. मीही नाही.

शकूरमिस्त्री शहाणा. बॉनेट उघडण्याआधीच म्हणाला होता,
"पयले जुनं मोजून घ्या, मंग रडू नका."
दिग्रसच्या बाहेर, मानोरा रस्त्याला, पळसांमधला सरळ पट्टा,
चौथा गिअर, साठवरून शंभरावर.
घड्याळ माझं, शंकरपटाचं,
ज्यावर वीस वर्षं मी बैलांचे सेकंद धरले.
आठ पूर्णांक चार.

मग आठवडाभर गाडी ठोकळ्यांवर.
टर्बोचा दाब वाढला, इंटरकूलर मोठा आला,
मनगटाएवढा होता तो मागचा पाइप दंडाएवढा झाला,
आणि नागपूरहून आली काडेपेटीएवढी एक डबी,
जिच्या खोक्यावर छापलेलं: चाळीस घोडे जास्त.

आमच्याकडे घोडा दिसतो तो वरातीत,
तोही भाड्याचा, बँडला बुजणारा.
चाळीस उभे करायचे म्हटले
तर जिनिंगचं अख्खं आवार लागेल,
आणि चारा कोण घालेल बाप्पा.

पुन्हा तोच पट्टा. पहाटे साडेपाच,
हवा अजून माठातल्यासारखी.
सहा पूर्णांक सहा.
अंकुश ओरडला. मी वही काढली.

हिशोब साधा आहे. वजन अर्धं करायचं,
नंतरच्या वेगाच्या वर्गातून आधीच्या वेगाचा वर्ग काढायचा,
गुणायचं, सेकंदांनी भागायचं, घोड्यांत बसवायचं.
वारा आणि टायर जे खातात ते दोन्ही वेळा खातात.
स्पीडोमीटर फुशारकी मारतो, पण दोन्ही वेळा तेवढीच;
वजाबाकीत बरंचसं खोटं आपोआप फिटतं.
माणसांचं असं होत नाही.

दुपारी चव्वेचाळीस डिग्रीत पुन्हा पळवली: सात पूर्णांक एक.
साडेचार घोडे ऊन पिऊन गेलं.

राहिला माझा अंगठा.
डोळा पाहतो, मग अंगठा दाबतो,
मधे दोन दशांश सेकंद कुठेतरी सांडतात,
साठीनंतर कधी जास्त, कधी कमी.
ते हिशोबात धरले तर तीन घोडे होतात.
म्हणजे या अंगठ्यात, पेऱ्यावर स्टॅम्पपॅडची शाई असलेल्या,
तीन घोडे उभे आहेत
आणि ते कुठल्या बाजूला पळतील
ते मलाही सांगता येत नाही.

कागद नव्हता, काट्याचीच पावती फाडली.
भरलेली: त्रेसष्ट.
रिकामी: साडेएकोणपन्नास.
निव्वळ: साडेतेरा. पहाटेचे.
शेरा: अंगठ्यापायी तीन इकडेतिकडे.

"काका, चाळीस लिहा ना. कोणाले समजते?"

व्यापारीही असंच म्हणायचे, हसत,
दहा-वीस किलोंसाठी, चहाचा कप पुढे सरकवून.
एकदाच लिहिला मी जास्तीचा आकडा.
कोणासाठी ते शकूरला माहीत आहे,
म्हणून तो तेव्हा खाली मान घालून
पुसलेलाच पान्हा पुसत राहिला.

साडेतेरा, म्हटलं. कमी हायेत काय?
तेरा घोडे एका रांगेत कधी पाह्यले का तू?

अंकुशनं पावती घडी करून आरशामागे खोचली.
पानठेल्यावर तो चाळीसच सांगतो. सांगू दे.

पण एखाद्या पहाटे रस्त्याकडून
ती बारीक शिट्टी येते, चढत चढत,
आणि खाटेवर पडल्यापडल्या माझा अंगठा दबतो,
शिट्टी उतरली की पुन्हा दबतो.
हातात घड्याळ नसतं.